शांतता क्षेत्रातली हळद

आमच्या घरात पोलिसांची नोटीस आली ती माझ्या वडिलांच्या नावावर. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेले, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालेले, रिक्षावाल्यालाही ‘आपण जरा डावीकडे घ्याल का’ असं विचारणारे. नोटिशीत लिहिलं होतं की, त्यांच्यामुळे परिसरातील सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची दाट शक्यता आहे.

हे कसं घडलं आणि मी त्याचं काय केलं, ते सांगते. माणसाने माफ करायला शिकावं असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. मी शिकले नाही.

खराडीत आमच्या सोसायटीसमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे लॉन. लॉन म्हणजे लग्नाचं, गवत नावालाच. ती सगळी जमीन एकाच शेतकरी कुटुंबाची. कंपन्या आल्या तशी तिच्या एका तुकड्यावर आमच्या इमारती उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडचा मोठा तुकडा मालकांनी स्वतःकडे ठेवून त्यावर लॉन काढलं. हे मालक आमचे नगरसेवक. म्हणजे माजी. महापालिकेच्या निवडणुका लांबल्या होत्या, कारभार प्रशासकाकडे होता, त्यामुळे शहरातले सगळेच नगरसेवक माजी झाले होते. पण ते माजीपण लेटरहेडपुरतं. पोलीस ठाण्याच्या नागरिक सुरक्षा समितीचे अध्यक्ष तेच होते आणि तिथे सगळे त्यांना ‘अध्यक्ष’ म्हणूनच हाक मारायचे.

ही समिती महिन्यातून एकदा ठाण्यात बसे. पोलीस निरीक्षक, पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातला एक अधिकारी आणि परिसरातले काही प्रतिष्ठित नागरिक. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे, उघड्यावर दारू पिणारी टोळकी, मुलींच्या वसतिगृहाबाहेर ताटकळणारे मोटारसायकलवाले, असं काय काय नागरिकांनी मांडायचं आणि पोलिसांनी त्यावर काय केलं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. पोलिसांवर नागरिकांची नजर राहावी, ही कल्पना. कल्पना उत्तम. फक्त प्रतिष्ठित नागरिक कोण, हे पोलीस ठरवायचे आणि पोलिसांना कोण आवडावं, हे अध्यक्ष.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती. लग्नसराईत लॉनवर डीजे सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. आम्ही त्रासायचो, पण त्यांच्या कानात तो आवाज यंत्रातून आणखी मोठा होऊन शिरायचा. यंत्र काढलं की मग कुणाचंच काही ऐकू यायचं नाही. लॉनच्या शेजारी एक प्रसूतिगृह आहे. त्यामुळे तो सगळा पट्टा नियमाने शांतता क्षेत्रात येतो, तशी पालिकेची पाटीही तिथे आहे. पाटीवर लॉनच्या बुकिंगचा फ्लेक्स लावलेला असायचा.

“समिती आहे ना, तिच्यापुढे मांडू,” बाबा म्हणाले. आयुष्यभर कार्यालयात बसलेल्या माणसाची समितीवर श्रद्धा असते.

बैठकीला येण्याची परवानगी मागून ते एकटेच गेले. मी दाताची डॉक्टर. शेवटचा पेशंट आटोपून त्यांना न्यायला गेले तेव्हा बैठक चालूच होती. तोंडावरचा मास्क काढायचंही राहिलं होतं. तशीच दारात उभी राहिले.

बाबा उभे राहून बोलत होते. कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही. शांतता क्षेत्र म्हणजे काय, परवानगी कुणी द्यायची, ती नसेल तर पोलिसांनी काय करायला हवं, एवढंच. शेवटी म्हणाले, “आपण सर्व जाणता आहात. मी फक्त आठवण करून देतो आहे.”

अध्यक्ष खुर्चीत रेलून चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, “आहो साहेब, लगीन हाय, मयत न्हाई. वाजणारच की. आन् तुमच्या जयंतीला वाजतंय, तवा कुठं असता तुमी?”

‘तुमच्या’ या शब्दावर त्यांनी असा जोर दिला की खोलीतल्या प्रत्येकाला कळावं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांनी आडनावावरून काढलं होतं.

बाबा म्हणाले, “तिथेच असतो. तिथेही हेच सांगतो. तिथे ऐकतात.”

कुणीतरी हसू दाबलं. अध्यक्षांचा चेहरा बदलला. ते पुढे वाकून, लहान मुलाला समजावतात तशा सुरात म्हणाले, “आजोबा, एक काम करा. कानातलं ते मशीन काढून ठिवत जा रातच्याला. तुमचा बी प्रश्न मिटला, आमचा बी मिटला.”

सगळे हसले. क्षेत्रीय कार्यालयाचा अधिकारी हसला. निरीक्षकसाहेब तर मान मागे टाकून हसले, आणि मला आठवतं ते त्यांचंच हसू. कारण अध्यक्ष राजकारणी माणूस, त्याचा तो धंदा. पण ज्याच्या अंगावर वर्दी आहे आणि ज्याला जाब विचारायला ती बैठक होती, तो जाब विचारणाऱ्याला हसत होता. बाबांनी नमस्कार केला आणि ते खाली बसले. रस्त्यात ते मला एवढंच म्हणाले, “चहा मात्र चांगला देतात.”

त्यानंतर बाबांनी लेखी अर्ज केला. ठाण्यात, पालिकेत, वर आयुक्तालयातही. लेखी अर्जाला लेखी उत्तर येतं, हाही त्यांचा एक समज. उत्तर आलं ते नोटीस होऊन.

हवालदार बिचारा संकोचून दारात उभा होता. “आजोबा, सणाच्या आधी काढतात हो अशा. बंदोबस्ताचं असतं.” बाबांनी चष्मा लावून पूर्ण नोटीस वाचली. तहसीलदार असताना त्यांनी स्वतः अशी प्रकरणं चालवली होती. पोलीस त्याला चॅप्टर केस म्हणतात. जो माणूस गडबड करील असं वाटतं, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीची हमी आधीच लिहून घ्यायची. बाबांसमोर अशी माणसं उभी राहत. हातभट्टीवाले, सुरेवाले. आता सहायक पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात बाबांनी उभं राहायचं होतं.

“कलम बरोबर आहे,” सही करताना ते हवालदाराला म्हणाले. “माणूस चुकलाय.”

ठरल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. बाहेरच्या बाकावर अंगभर गोंदवलेली चार-पाच मुलं बसली होती. त्यातल्या एकाने उठून बाबांना जागा दिली. त्या दिवसात आम्हाला मिळालेली तेवढीच सभ्य वागणूक. “काका, तुमची कसली केस?” त्याने विचारलं. बाबा म्हणाले, “आवाजाची.” त्याला ते कळलं नाही.

दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मी मास्क लावूनच होते, त्या महिन्यात बाबांना खोकला होता. आमचे निरीक्षकसाहेब आतून बाहेर आले, बाबांना पाहून थांबले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “काय साहेब, कसं वाटतंय या बाजूला बसून?”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. “ऐकू आलं नाही,” म्हणाले. ऐकू आलं होतं. मला माहीत आहे, कारण मांडीवर ठेवलेला त्यांचा हात एकदम मिटला.

आत जाऊन त्यांनी हमीपत्रावर सही केली. उपजिल्हाधिकाऱ्याने चांगलं वागण्याचं वचन दिलं.

सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांत ‘आपल्याच एका सदस्याला पोलिसांची नोटीस’ असा निरोप फिरला. कुणी फिरवला ते कळलं नाही. संध्याकाळी बागेत बाबांच्या बाकावर बसणारी मंडळी आधीसारखी सरकून जागा करेनात. बाबांनी बागेत जाणं सोडलं. मग कानातली यंत्रं लावणंही सोडलं. घरात वावरायचे ते पाण्याखाली चालल्यासारखे. मी बोलले की हसायचे आणि मान हलवायचे. हिवाळ्यात एका सकाळी खुर्चीतच गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. माझे यजमानही तेच म्हणाले. मला ते पटलं नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. भंतेजी वैराने वैर शमत नाही, हे सांगत होते. तेवढ्यात समोर लॉनवर कुणाची तरी वरात सुरू झाली आणि त्यांचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. मला ते ऐकायचंही नव्हतं.

मी घाईची माणूस नाही. दाढेच्या मुळाशी पोचायचं तर आधी बसायची जागा नीट करून घ्यावी लागते.

उन्हाळ्यात मी पोलीस ठाण्याला कळवलं की पोलीस कुटुंबांसाठी दातांचं मोफत शिबिर घ्यायची माझी इच्छा आहे. निरीक्षकसाहेब खूश झाले. माझं आडनाव सासरचं, आणि बाबांबरोबर होते तेव्हा दोन्ही वेळा तोंडावर मास्क. त्यांनी मला ओळखायचं कारणच नव्हतं. शिबिराच्या शेवटी ते स्वतःच खुर्चीत बसले. खालची अक्कलदाढ किडली होती, काढावी लागणार होती. आठवड्याने ते माझ्या दवाखान्यात आले. आ करून, डोळे मिटून, हातांच्या मुठी आवळून समोर पडलेला तो माणूस मी बराच वेळ पाहिला. मग भूल दिली, पूर्ण दिली, आणि दाढ इतकी अलगद काढली की ते म्हणाले, “झालं पण?” दातावर सूड उगवायचा नाही, हा धंद्याचा नियम. शिवाय दाढेने भागण्यासारखं नव्हतं.

जाताना ते म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारखे लोक समितीवर पाहिजेत.”

“मी?” मी म्हणाले. “मला त्यातलं काय कळतं?”

पुढच्या महिन्यात मी समितीवर होते.

मी तिथे काय केलं, तर काहीच नाही. वेळेवर जायची, अध्यक्षांना नमस्कार करायची, आभाराचं भाषण कुणी करत नसे ते मी करायची. कोणता विषय कसा मरतो ते बघत बसायची. वसतिगृहाच्या मुलींनी गल्लीतल्या अंधाराची तक्रार केली की क्षेत्रीय कार्यालयाचा अधिकारी पोलिसांकडे बघायचा, पोलीस त्याच्याकडे, मग अध्यक्ष म्हणायचे, “बघू की, होऊन जाईल,” आणि समोसे यायचे. कॅमेऱ्यांचा विषय निघाला तेव्हा ते कुठे बसवायचे हे अध्यक्षांनी एका दमात सांगितलं. सगळे मागच्या गरीब वस्तीच्या तोंडाशी. लॉनच्या दाराशी एकही नाही. मी त्यालाही मान हलवली. वर्ष उलटता उलटता अध्यक्ष मला ‘आमच्या डॉक्टरीणबाई’ म्हणू लागले आणि बैठकीचं पत्र काढणं, वेळ-जागा ठरवणं ही कटकटीची कामं माझ्या गळ्यात टाकून मोकळे झाले. मला तेवढंच हवं होतं.

अध्यक्षांची आई माझ्याकडे कवळी बसवायला येऊ लागली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, तोंडात एक दात नाही आणि गप्प एक क्षण नाही. ती मला आवडायची. लपवत नाही, अजूनही आवडते.

“बाई, दिवाळीनंतर नातीचं लगीन हाय,” ती म्हणाली. “तवर बसली पायजे बग कवळी. फोटूत बोळकं नगं.”

“बसेल की आजी. कधी आहे लग्न?”

तिने लग्नाची तारीख सांगितली. साखरपुडा, हळद, सगळं सांगितलं. हळद आपल्याच लॉनवर, मुंबईहून डीजे येणार, संध्याकाळी दिवेलागणीला सुरू. तिची नात खराडीतच एका कंपनीत होती, अध्यक्षांची एकुलती एक मुलगी.

हळदीचा दिवस समितीच्या बैठकीच्या आठवड्यात येत होता. मी अध्यक्षांना सहज विचारलं, “या महिन्यात गुरुवारी घेऊ या का?”

“गुरुवारी माझ्या पोरीची हळद हाय, डॉक्टर. मला न्हाई जमायचं. तुमी उरका. न्हाईतरी काय इशेष असतंय?”

“बरं,” मी म्हणाले. “उरकून घेते.”

त्या परिसराच्या पोलीस उपायुक्त म्हणून एक बाई नव्याने आल्या होत्या. एखाद्या समितीच्या नेहमीच्या बैठकीला न सांगता येऊन बसायचं, अशी त्यांची पद्धत होती, असं ऐकलं होतं. मी त्यांना भेटले. म्हटलं, “आमच्याकडे या. पण ठाण्यात नको. लोक ठाण्यात मोकळं बोलत नाहीत. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवते, बायका येतील, वसतिगृहाच्या मुली येतील.” त्यांना ते पटलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त आमचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याच्या सगळ्या खिडक्या लॉनवर उघडतात, एवढं मी बोलले नाही.

उपायुक्त येणार हे निरीक्षकांना त्या दिवशी दुपारी कळलं. त्यांचा मला फोन आला. “मॅडम, जागा बदलता येईल का?”

“आता? चाळीसेक बायकांना निरोप गेलेत साहेब. का हो, काही अडचण?”

“नाही, नाही,” म्हणत त्यांनी फोन ठेवला. काय बोलणार?

संध्याकाळी हॉल भरला. उपायुक्त बाई वेळेवर आल्या. सभ्य, कमी बोलणाऱ्या. निरीक्षक त्यांच्या शेजारी बसले होते, आणि टेबलाखाली त्यांचा अंगठा सारखा फोनवर चालत होता. फोन लावायचे, कानाला धरायचे, पुन्हा लावायचे. ते कुणाला फोन करत होते हे मला कळत होतं. तो फोन का उचलला जात नव्हता, हेही कळत होतं. डीजे सुरू झाला होता. जगात कुणाचाही फोन त्या माणसाला ऐकू येणार नव्हता.

त्या संध्याकाळी मी इतकी सुखात होते की मला माझीच थोडी भीती वाटली.

एक मुलगी वसतिगृहाच्या गल्लीबद्दल सांगायला उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसले. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या हळूहळू सरकत काठाशी येत होत्या. उपायुक्तांनी हात वर करून तिला थांबवलं आणि ओरडून विचारलं, “हे काय आहे?”

“हळद आहे मॅडम,” मी तितक्याच मोठ्याने म्हणाले.

“परवानगी आहे?” हा प्रश्न निरीक्षकांना होता.

“चौकशी करून सांगतो मॅडम.”

“शेजारी प्रसूतिगृह आहे,” मी म्हणाले. “शांतता क्षेत्राची पाटी पण आहे, फ्लेक्सच्या मागे. हा विषय समितीपुढे पूर्वी आला होता. एका ज्येष्ठ नागरिकाने मांडला होता. त्यांच्यावर चॅप्टर केस झाली.”

“कुणावर?”

“माझ्या वडिलांवर.”

हे मी उपायुक्तांकडे पाहून नाही म्हणाले. निरीक्षकांकडे पाहून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर येताना दिसली. म्हातारा, बाक, बाजूला बसलेली मास्कवाली बाई, दातांचं शिबिर, अक्कलदाढ. त्यांचा हात आपोआप गालाकडे गेला.

उपायुक्त उठल्या. जिना उतरल्या, रस्ता ओलांडून सरळ लॉनमध्ये शिरल्या. त्यांच्यामागे निरीक्षक, त्यांच्यामागे मी आणि माझ्यामागे हॉलमधल्या सगळ्या बायका. दारात उपायुक्तांनी स्वतःच्या हाताने फ्लेक्सची दोरी सोडली. पाटी खाली होतीच.

आत अध्यक्ष नाचत होते. तोंड, मान, दंड पिवळे, सदरा ओला, दोन्ही हात वर. वर्दी पाहून त्यांना वाटलं पाहुणेच आले. “या, या मॅडम! हळद लावा पोरीला!” ते पुढे आले. मग डीजे बंद झाला. एकाएकी इतकं शांत झालं की शेजारच्या प्रसूतिगृहातलं एक बाळ रडताना ऐकू आलं.

पुढचं सगळं पाहुण्यांसमोर झालं. परवानगीचा कागद मागितला, तो नव्हता. स्पीकर उतरवून पोलिसांच्या टेंपोत चढवले. अध्यक्षांचं नाव, वय, पत्ता त्यांना उभं करून विचारला आणि लिहून घेतला. ज्या निरीक्षकांनी आयुष्यात त्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, त्यांनाच तो विचारायला लावला. आजूबाजूचे शेकडो फोन वर झाले होते.

अध्यक्षांची नजर माझ्यावर पडली. “डॉक्टर? तुमी? आवो, पोरीची हळद हाय माझ्या.”

मी त्यांच्या अगदी जवळ गेले. हे वाक्य मी दोन वर्षं तोंडात धरलं होतं. “कानात मशीन असलेले ते आजोबा,” मी म्हणाले, “माझे वडील होते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “कोणते आजोबा?”

सोंग नव्हतं ते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझ्या बापाला ज्या वाक्याने मारलं, ते त्यांनी चहाच्या घोटाबरोबर बोलून टाकलं होतं आणि तिथेच विसरले होते. त्या क्षणी मला टेंपोतले स्पीकर कमी वाटले. मला त्या माणसाचं लॉन नांगरून टाकावंसं वाटलं.

मागे खुर्चीत म्हातारी बसली होती, मी बसवलेली कवळी घालून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. तिच्यापुरतं मला वाईट वाटलं. तेवढंच. आणि स्टेजवर पिवळ्या साडीत तिची नात उभी होती. ती पोलिसांकडे पाहत नव्हती, रडतही नव्हती. ती वडिलांकडे पाहत होती. ओल्या सदऱ्यात, मान खाली घालून, पत्ता सांगणाऱ्या बापाकडे. मग तिने मान वळवून मला शोधलं. ती नजर मला नवी नव्हती. सहायक आयुक्तांच्या कार्यालयात, मास्कच्या वर, माझी तीच होती.

व्हिडिओ शहरभर फिरला. निवडणुका लागल्या तेव्हा पक्षाने अध्यक्षांना तिकीट नाकारलं. लोक म्हणतात त्याला कारणं बरीच होती. असतील. मी हळदीचंच धरते. समितीचं अध्यक्षपदही गेलं. निरीक्षकांची बदली नियंत्रण कक्षात झाली, जिथे दिवसभर फोन ऐकायचे असतात. जाण्याआधी मी त्यांना भेटले. “मॅडम,” ते म्हणाले, “तुमच्या वडिलांचं मला वरून सांगितलं होतं हो.”

“वरून म्हणजे कुठून? लॉनवरून?”

मी त्यांना माफ करते असं म्हणेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना म्हणाले, उरलेल्या दाढा सांभाळा.

लग्न झालं. डीजेविना, व्यवस्थित झालं. महिन्याभराने ती मुलगी दवाखान्यात आली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, हातात हिरवा चुडा. आजीची कवळी आता दुसरीकडे दाखवतो, हे तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, “तुमच्या फादरबद्दल मी नंतर विचारलं सगळ्यांना. जे झालं ते wrong होतं. पप्पांचं चुकलं. पण तुम्ही माझा दिवस निवडलात.”

“हो,” मी म्हणाले. “त्यांना लागेल असा दुसरा दिवस नव्हता.”

“Sorry पण नाही म्हणणार?”

“नाही.”

तिने मान हलवली, जणू हिशेब बरोबर आला. “ओके. मग मीपण विसरणार नाही.”

“विसरू नकोस,” मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

समितीची फेररचना झाली तेव्हा तिने अर्ज केला. नोकरी करणाऱ्या तरुण स्त्रियांतून एक सदस्य घ्यायचा होता. नव्या निरीक्षकांनी मला विचारलं, “घ्यायचं का? तुमचं आणि त्यांचं...” मी म्हटलं, घ्या.

ती पहिल्या बैठकीपासून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसते. मी जो विषय आणीन त्याची ती उलटतपासणी करते. वस्तीच्या तोंडाशी लावलेले कॅमेरे काढून वसतिगृहाच्या गल्लीत लावा म्हटलं, तर तिने दोन दिवस त्या गल्लीत उभं राहून कुठल्या खांबावरून गल्ली दिसत नाही ते काढलं आणि माझी जागा चुकीची ठरवली. चुकीचीच होती. मी लॉनच्या पार्किंगचा विषय काढला, रस्त्यावर गाड्या लावायच्या बंद झाल्या. पुढच्याच महिन्यात तिने फुटपाथवर येणाऱ्या दुकानांच्या पाट्यांचा विषय काढला. क्षेत्रीय कार्यालयाची माणसं येऊन माझ्या दवाखान्याची पाटी उतरवून घेऊन गेली, तेव्हा ती समोरच्या टपरीवर चहा पीत उभी होती. मी खिडकीतून पाहिलं. तिने कप जरासा उंच केला.

आम्ही दोघी एकमेकींशी बैठकीबाहेर बोलत नाही. मात्र दोघींपैकी एकीलाही दुसरीपुढे चुकायचं नसतं, म्हणून दोघी सगळं वाचून, सगळं पाहून जातो. पोलिसांनी ‘बघतो’ म्हटलं की ती विचारते, “कधी?” आणि मी विचारते, “कोण?” नवे निरीक्षक बैठकीच्या आदल्या दिवशी स्वतः गस्तीच्या रस्त्यावरून फिरून येतात, असं हवालदार सांगतात. वसतिगृहाच्या गल्लीत आता उजेड आहे. मुली जाता-येता मला नमस्कार करतात, तिलाही करतात, आणि समिती किती छान काम करते असं त्यांना वाटतं.

समोसे बंद झाले. चहा अजून चांगला देतात.